चार भिंतींतला चेहरा

भर दुपारी अंगणात काढलेले छायाचित्र आणि त्याच घराच्या माजघरात, त्याच कॅमेऱ्याने, त्याच माणसाचे काढलेले छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पहिल्यात पापण्यांचे केस मोजता येतात आणि दुसऱ्यात डोळे, ओठ आणि केसांची कड एकमेकांत मिसळून गेलेली दिसते. या फरकाचे खापर बहुतेक घरांत कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर फोडले जाते. प्रत्यक्षात उपकरण तेच असते, बदललेला असतो तो उजेड, आणि तो किती बदलला आहे याचा अंदाज माणसाच्या डोळ्याला येत नाही, ही या विषयातली खरी मेख आहे. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते लक्स या एककात मोजतात. निरभ्र दिवशी दुपारच्या उन्हात हे मोजमाप सुमारे १,००,००० लक्सपर्यंत जाते, तर रात्री एका ट्यूबलाइटवर उजळलेल्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जेमतेम १०० ते १५० लक्स प्रकाश पोहोचतो. तफावत सहाशे ते हजार पटींची आहे, पण डोळ्यातली बाहुली रुंदावते, दृष्टिपटलाची संवेदनशीलता वाढते, मेंदू उरलेली भर घालतो आणि खोलीत बसलेल्या कोणालाही आपण अंधारात आहोत असे वाटत नाही. कॅमेऱ्याला अशी समजूत करून घेता येत नाही. जेवढा प्रकाश आत येईल तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते.

कॅमेऱ्यात नोंदले जाणारे चित्र किती उजळ होईल हे तीन गोष्टींवर ठरते. शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, किती वेळ उघडा राहतो ही पहिली गोष्ट. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले लहानमोठे करता येणारे छिद्र, केवढे ठेवले आहे ही दुसरी. आणि मिळालेल्या प्रकाशाचा संकेत कॅमेरा किती पटींनी वाढवून घेतो, ज्याचे प्रमाण आयएसओच्या आकड्याने सांगितले जाते, ही तिसरी. अ‍ॅपर्चरचा आकडा उलटा चालतो, कारण लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून तो काढलेला असतो. त्यामुळे एफ २.८ चे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे असते आणि त्यातून चौपट प्रकाश आत येतो. उन्हातल्या माणसासाठी आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटरचा वेग १/१०० सेकंद एवढे पुरेसे होते, हा छायाचित्रकारांचा जुना आणि आजही खरा ठरणारा हिशेब आहे. तोच कॅमेरा दिवाणखान्यात आणला, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचे छिद्र एफ ५.६ इतके उघडले आणि आयएसओ १०० वरच ठेवला, तर शटर जवळजवळ एक सेकंद उघडे ठेवावे लागते. एका सेकंदात माणूस श्वास घेतो, पापणी लवते, हातातला कप हलतो आणि कॅमेरा धरणाऱ्याची बोटेही थरथरतात. घरातल्या छायाचित्रांच्या अस्पष्टतेची बहुतेक कथा या एका सेकंदात सामावलेली आहे.

मात्र सगळी अस्पष्टता एका जातीची नसते आणि उपाय करण्यापूर्वी ती ओळखावी लागते. बिघडलेले छायाचित्र पडद्यावर भरपूर मोठे करून चेहऱ्याबरोबर मागची भिंत, कॅलेंडर, दाराची चौकट यांकडेही पाहिले, तर निदान सहसा चुकत नाही. चौकटीपासून चेहऱ्यापर्यंत सगळ्याच कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. कॅलेंडरवरचे आकडे स्वच्छ वाचता येतात पण ओवाळणारा हात किंवा वळलेली मान पुसट झाली आहे, अशी स्थिती असेल तर माणूस हलला आहे आणि शटरचा वेग कमी पडला आहे. चेहरा पुसट असूनही कान, खांद्यावरचा पदर किंवा मागचा पडदा रेखीव आला असेल, तर फोकस भलत्या जागी बसला आहे. आणि काहीच ओढले गेलेले नाही, तरी त्वचा मेणासारखी गुळगुळीत आणि केसांचा एकच लगदा झालेला असेल, तर कमी प्रकाशात उमटलेले दाणे पुसून टाकण्याच्या प्रयत्नात कॅमेऱ्यातील संगणकाने बारीक तपशीलही पुसून टाकला आहे. या चार आजारांना एकच औषध चालत नाही. कॅमेरा हलत असेल तर तिपाई उपयोगी पडते, पण हलणाऱ्या नातवंडापुढे तीच तिपाई निरुपयोगी ठरते.

कॅमेरा हलण्याबाबत एक ढोबळ नियम प्रचलित आहे: शटरचा वेग सेकंदाच्या ज्या भागाने सांगितला जातो, तो आकडा लेन्सच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतरापेक्षा कमी नसावा. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी १/५० सेकंद आणि सेन्सर लहान असलेल्या, म्हणजे दृश्य दीडपट मोठे दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर साधारण १/८० सेकंद ही किमान मर्यादा धरली जाते. अलीकडच्या लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात हातांची थरथर भरून काढणारी स्थिरीकरणाची सोय असते आणि तिच्या बळावर १/१० सेकंदालाही भिंत स्वच्छ येऊ शकते. येथेच अनेकांची फसगत होते, कारण ही सोय कॅमेऱ्याची हालचाल थांबवते, समोरच्या माणसाची नव्हे. बोलता बोलता एखाद्याची मान सेकंदाला १० सेंटिमीटर इतक्या सावकाश वेगाने वळत आहे आणि १५ सेंटिमीटर रुंदीचा चेहरा छायाचित्रात ६०० पिक्सेल एवढी जागा व्यापतो आहे, असे मानले, तर चेहऱ्याच्या एका मिलिमीटरला चार पिक्सेल येतात. शटर १/३० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्या अवधीत मान तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक सरकते आणि पापणीची कड तेरा पिक्सेल रुंदीच्या पट्ट्यात पसरते, म्हणजे पापणी दिसतच नाही. तेच शटर १/२५० सेकंदावर ठेवले तर हा पसारा दीड-दोन पिक्सेलांवर येतो आणि डोळ्याला तो जाणवत नाही. म्हणून शांत बसलेल्या प्रौढ माणसासाठी १/१२५, गप्पांत रंगलेल्या मंडळींसाठी १/२०० च्या आसपास आणि घरभर धावणाऱ्या मुलांसाठी १/५०० सेकंद हे वेग आधी निश्चित करून मगच बाकीची जुळवाजुळव करावी. बहुतेक लोक कॅमेरा स्वयंचलित स्थितीत ठेवून हा निर्णय यंत्रावर सोपवतात, आणि यंत्र, विशेषतः जुने यंत्र, आयएसओ कमी ठेवण्याच्या नादात शटर रेंगाळू देते.

आयएसओ वाढवण्याची भीती ही फिल्मच्या काळाची देणगी आहे. त्या काळी ४०० च्या फिल्मवरचे दाणे स्पष्ट दिसत आणि १६०० पर्यंत खेचलेली फिल्म वर्तमानपत्राच्या कागदापुरतीच चालून जाई. आजचा सेन्सर आयएसओ १६०० किंवा ३२०० ला जे चित्र देतो ते त्या फिल्मपेक्षा कितीतरी स्वच्छ असते. तरीही वाढत्या आयएसओबरोबर दाणे वाढतात हे खरे आहे, कारण मुळात कमी पडलेला प्रकाश वाढवून घेताना त्यातली अनियमितताही वाढते. पण दाणे आणि हललेपण यांत निवड करायची असेल तर ती अवघड नाही. दाणेदार छायाचित्रात माणसाचा डोळा डोळ्याच्या जागी असतो, छपाईत दाणे बरेचसे मिटतात आणि हल्लीची संगणकीय साधने ते पुष्कळ अंशी कमीही करू शकतात. हललेल्या छायाचित्रात जो तपशील नोंदलाच गेला नाही तो नंतर खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. आयएसओ कमी ठेवून काळोखे छायाचित्र काढायचे आणि नंतर संगणकावर उजळायचे, ही युक्तीही महागात पडते, कारण त्यात सावल्यांमधले दाणे अधिकच उफाळून येतात. अनेक कॅमेऱ्यांत आयएसओ स्वयंचलित ठेवून शटरची किमान मर्यादा ठरवून देण्याची सोय असते. घरगुती समारंभात ती मर्यादा १/१२५ किंवा १/२०० वर बांधून दिली, की निम्मी चिंता मिटते.

तरी हे सगळे आकडे म्हणजे कमी उजेडाशी केलेली तडजोड आहे. त्याहून सोपा आणि अधिक सुंदर मार्ग म्हणजे माणसाला उजेडाकडे नेणे. दिवसा खिडकीपासून हातभर अंतरावर हजारभर लक्स प्रकाश सहज मिळतो आणि तीच व्यक्ती खोलीच्या आतल्या भिंतीशी बसली तर तो शंभरावर येतो. खुर्ची तीन पावले सरकवल्याने दहापट प्रकाश मिळत असेल, तर तेवढ्या फायद्यासाठी महागडी लेन्स घेण्याची गरज पडत नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने येतो, हा त्याचा दुसरा गुण. स्पष्टता ही केवळ कडांच्या रेखीवपणाची बाब नसून उजेड आणि सावली यांच्यातील फरकावरही ती अवलंबून असते. डोक्यावरच्या दिव्याने भुवयांखाली आणि हनुवटीखाली काळे डाग पडतात, तर खिडकीच्या तिरक्या उजेडात सुरकुत्या, नऊवारीच्या काठाची वीण आणि मिशीचा एकेक केस उठून दिसतो. बसणाऱ्याने खिडकीकडे पूर्ण तोंड न करता थोडे तिरके बसावे, छायाचित्रकाराने खिडकीच्या जवळच भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि चेहऱ्याची दुसरी बाजू फारच काळवंडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा धुतलेले धोतर ताणून धरायला कोणाला तरी सांगावे. अशा वेळी खोलीतले दिवे बंद करणे चांगले, कारण खिडकीचा उजेड निळसर आणि जुन्या धाटणीच्या दिव्याचा पिवळसर असतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळा आणि दुसरा पिवळा दिसतो आणि कॅमेऱ्याला खरा रंग ठरवता येत नाही. जुन्या वाड्यात माजघराला बहुधा खिडकीच नसते, पण पडवी आणि ओसरी या छायाचित्रासाठी मुद्दाम बांधल्यासारख्या जागा आहेत: वरून छप्पर असल्याने ऊन थेट पडत नाही आणि एका बाजूने मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड अखंड येत राहतो.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीला हे शहाणपण परिस्थितीनेच शिकवले होते. १८३९ मध्ये दागेरोटाइपची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाला काही मिनिटे निश्चल बसावे लागे आणि डोके हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी आधार लावत. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेत्सव्हाल यांनी गणिताने आखलेली, आधीच्या लेन्सपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश आत घेणारी लेन्स तयार झाली आणि हा काळ मिनिटांवरून सेकंदांवर येऊ लागला. तरीही स्टुडिओ वरच्या मजल्यावर, काचेच्या छताखाली आणि शक्यतो उत्तरेकडे उघडणारे बांधले जात, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या शहरातील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते, आणि राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपला स्टुडिओ उघडला. त्या काळच्या चित्रांतले ताठ बसलेले, न हसणारे चेहरे पाहून आज गंमत वाटते, पण लांबलेल्या अवधीत हसू टिकवणे कठीण आणि गंभीर चेहरा टिकवणे सोपे असते, हेही त्या ताठपणामागचे एक कारण होते.

प्रकाश मिळाल्यावरही फोकसचा प्रश्न उरतो आणि मोठ्या छिद्राच्या लेन्समुळे तो अधिकच बिकट होतो. एफ १.८ छिद्राची ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ ५.६ च्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश आत घेते आणि तिची किंमत इतर लेन्सच्या मानाने कमी असते, म्हणून घरातल्या छायाचित्रांसाठी पहिली लेन्स कोणती घ्यावी या प्रश्नाला तिचेच नाव घेणे योग्य ठरते. परंतु छिद्र जितके मोठे तितका स्पष्ट दिसणारा पट्टा उथळ होतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स एफ १.८ ला उघडून दीड मीटर अंतरावरच्या चेहऱ्यावर रोखली, तर स्पष्ट पट्ट्याची एकूण खोली साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असते. चेहरा थोडा वळलेला असेल तर जवळचा डोळा रेखीव आणि लांबचा कान पुसट, हे अपरिहार्यच ठरते, आणि म्हणूनच फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा असा संकेत आहे. पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते आणि तो डोळा स्पष्ट असेल तर बाकीची पुसटता कोणाला खटकत नाही.

या उथळ पट्ट्यामुळे एक जुनी सवय घातक ठरते. चौकटीच्या मध्यबिंदूने डोळ्यावर फोकस साधायचा, बटण अर्धे दाबून तो अडवून ठेवायचा आणि मग कॅमेरा वळवून चेहरा एका बाजूला आणायचा, असे अनेकजण करतात. दीड मीटरवरच्या डोळ्यावर फोकस साधून कॅमेरा पंधरा अंशांनी वळवला, तर लेन्सच्या दृष्टीने तो डोळा आता फोकसच्या प्रतलापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर अलीकडे येतो. पट्टा एकूण साडेसहा सेंटिमीटरांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-सव्वातीन सेंटिमीटरांचा, त्यामुळे डोळा त्याच्या बाहेर पडतो आणि फोकस कानाकडे जातो. अशा वेळी कॅमेरा न वळवता चौकटीतला फोकसचा बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवावा, किंवा नव्या कॅमेऱ्यांत डोळा ओळखून त्याच्यावर आपोआप फोकस बसवण्याची जी सोय असते तिच्यावर विसंबावे. साखरपुड्यात किंवा बारशाला दोन रांगांत उभ्या राहिलेल्या मंडळींसाठी मात्र मोठे छिद्र मुळीच वापरू नये, एफ ५.६ ठेवून तीन-साडेतीन मीटर मागे सरावे, दोन्ही रांगा शक्य तितक्या जवळ उभ्या कराव्यात आणि फोकस पुढच्या रांगेवर साधावा. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर तो खुशाल वाढवावा.

स्वयंचलित फोकस मंद उजेडात का चाचपडतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. फोकसची यंत्रणा उजळ आणि गडद यांच्यामधली कड शोधत असते आणि त्या कडेची प्रतिमा कुठे जुळते यावरून अंतर ठरवते. गोऱ्या गालावर किंवा एकरंगी शालीवर अशी कड नसते, अंधुक उजेडात असलेली कडही दाण्यांत हरवते, आणि लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. फोकसचा बिंदू पापणी, भुवई, चष्म्याची दांडी किंवा कपाळावरच्या कुंकवाच्या कडेवर ठेवला तर यंत्रणेला धरायला काहीतरी मिळते. तेही साधले नाही तर मोबाइलची विजेरी क्षणभर चेहऱ्याच्या बाजूला धरून फोकस साधून घ्यावा आणि मग ती बंद करावी.

उजेड वाढवता येत नाही, लेन्स बदलता येत नाही, फ्लॅशची परवानगी नाही, अशा ठिकाणी माणसाच्या स्वाभाविक थांब्यांवर लक्ष ठेवणे हा एकच उपाय उरतो, आणि या उपायाचा आदर्श म्हणून जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमोन यांचे नाव घ्यावे लागेल. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने १९२४ च्या सुमारास एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा काढला, ज्याच्या लेन्सचे छिद्र एफ २ आणि नंतर एफ १.८ इतके मोठे होते. त्या काळी हे अद्भुतच होते. हा कॅमेरा घेऊन सालोमोन न्यायालयांत आणि राजनैतिक परिषदांत वावरले आणि १९३० च्या जानेवारीत हेग येथील परिषदेत रात्री उशिरा थकून आरामखुर्च्यांत रेलून बसलेल्या मंत्र्यांचे त्यांनी टिपलेले चित्र आजही छायाचित्रणाच्या इतिहासात दाखवले जाते. काचेच्या लहान तबकड्यांवर, दिव्यांच्या उजेडात काम करणाऱ्या या माणसाला जलद शटरची चैन परवडणारी नव्हती; त्याला लोक स्थिर होण्याची वाट पाहावी लागे. ती वाट पाहण्याची कला आजही तितकीच उपयोगी आहे. बोलणारा माणूस वाक्य संपवून क्षणभर थांबतो, हसू पूर्ण उमलल्यावर मान स्थिरावते, ओवाळणाऱ्या हाताची फेरी दिशा बदलताना थबकते, चहाचा घोट घेण्यापूर्वी कप ओठाशी टेकतो. या थांब्यांत १/६० सेकंदही पुरून जातो. एकामागून एक चार-पाच छायाचित्रे झरझर काढली, तर त्यातले एखादे बाकीच्यांपेक्षा निश्चित स्थिर निघते, कारण बटण दाबतानाचा धक्का पहिल्याच चित्राला बसतो. कोपरे अंगाशी घट्ट धरणे, खांदा दाराच्या चौकटीला टेकणे, श्वास सोडून मग बटण हळुवार दाबणे, या जुन्या सवयी कोणत्याही स्थिरीकरणाच्या सोयीने कालबाह्य केलेल्या नाहीत.

फ्लॅशबद्दल लोकांची मते टोकाची असतात आणि त्याला कारण आहे ते कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून थेट मारण्याची पद्धत. लेन्सच्या अगदी जवळून निघालेला हा प्रकाश डोळ्याच्या मागच्या रक्ताळ थरावरून परत फिरतो म्हणून बाहुल्या लाल दिसतात, सावल्या पुसल्या जातात म्हणून चेहरा सपाट होतो, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने दीड मीटरवरचा चेहरा पांढराफटक असताना तीन मीटरवरच्या आजोबांना त्याचा चौथा हिस्साच मिळतो. पण स्पष्टतेच्या दृष्टीने फ्लॅशमध्ये एक मोठे सामर्थ्य आहे: त्याची चमक बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी टिकते आणि शटर काहीही असले तरी त्या चमकेत उजळलेली हालचाल गोठते. हे सामर्थ्य ठेवून कुरूपता टाळायची असेल, तर फ्लॅशचे तोंड पांढऱ्या छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवावे. मग छताचा मोठा तुकडाच दिवा बनतो आणि त्याचा पसरलेला उजेड खोलीभर उतरतो. या परावर्तनात बराच प्रकाश खर्च होतो, म्हणून आयएसओ ४०० ते ८०० ठेवावा. शटर १/१०० च्या आसपास ठेवले तर खोलीतले दिवे आणि समईची ज्योतही चित्रात उरते. छत पांढरे असणे मात्र आवश्यक आहे, कारण रंगीत भिंतीवरून आलेला उजेड चेहऱ्याला तोच रंग देतो, आणि वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवरून किंवा मंगल कार्यालयाच्या उंच, रंगीत कापडांनी मढवलेल्या मांडवावरून फारसे काही परत येतच नाही.

परावर्तित उजेडाचा सर्वांत सुंदर दाखला भारतीय चित्रपटानेच दिला आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी वाराणसीतल्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता आणि खऱ्या चौकात वरून झिरपणारा आकाशाचा सावलीविरहित उजेड दिव्यांनी निर्माण करायचा होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकाच्या वर पांढरे कापड ताणून त्यावर दिवे टाकले आणि तिथून परतलेल्या उजेडात दृश्ये चित्रित केली. पांढऱ्या छतावर फ्लॅश वळवणारा घरगुती छायाचित्रकार लहान प्रमाणावर हेच करत असतो.

एलईडी दिव्यांनी घरे उजळ केली, पण छायाचित्रकारापुढे एक नवा अडथळाही आणला. भारतातील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने साध्या प्रतीच्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, परंतु सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने १/५०० सेकंदाला छायाचित्र घेतले, तर काही ओळी दिवा उजळ असताना आणि काही मंद असताना नोंदल्या जातात आणि चेहऱ्यावर आडवे काळसर पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० सेकंद हे वेग त्या लयीशी जुळतात, म्हणून तिथे पट्टे दिसत नाहीत. अधिक वेग हवा असेल तर यांत्रिक शटर वापरावे, कॅमेऱ्यातली लुकलुक टाळण्याची सोय असेल तर ती चालू करावी, किंवा सरळ खिडकी गाठावी.

मोबाइलचा विचार वेगळा करावा लागतो, कारण महाराष्ट्रातल्या घरांतली बहुसंख्य छायाचित्रे आता त्यानेच निघतात. त्याची लेन्स मोठ्या छिद्राची असली तरी सेन्सर नखाएवढा असतो आणि छिद्र सहसा बदलता येत नाही, त्यामुळे उजेड कमी झाला की तो शटर लांबवतो आणि एकापाठोपाठ घेतलेली अनेक चित्रे एकत्र करून एक चित्र बनवतो. २०१८ पासून लोकप्रिय झालेल्या रात्रीच्या छायाचित्रणाच्या सोयी याच तत्त्वावर चालतात. रिकाम्या देवघरासाठी त्या उत्कृष्ट आहेत, पण हलत्या माणसांचे चेहरे त्या जोडणीत पुसट होतात, म्हणून माणसे टिपताना ही सोय बंद करून दिवे वाढवणे श्रेयस्कर. खिशातल्या घामाने आणि बोटांच्या तेलाने माखलेली लेन्स मऊ कापडाने पुसणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे. दोन बोटांनी दृश्य मोठे करून छायाचित्र काढू नये, आणि अंधुक उजेडात दुप्पट-तिप्पट मोठे दाखवणाऱ्या दुसऱ्या लेन्सवरही फारसा भरवसा ठेवू नये, कारण अनेक फोन अशा वेळी ती लेन्स न वापरता मुख्य लेन्सचेच चित्र कापून देतात. चेहऱ्याच्या फार जवळही जाऊ नये, कारण फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते आणि हातभर अंतरावरून नाक फुगलेले व कान आक्रसलेले दिसतात. दीड मीटरवरून छायाचित्र घ्यावे आणि नंतर कडा कापाव्यात.

छायाचित्र स्पष्ट आले की नाही, याचा निवाडा कोणत्या आकारात करायचा हेही ठरवायला हवे. पडद्यावर पूर्ण मोठे करून पापणीचा एकेक पिक्सेल तपासणाऱ्याला कोणतेच घरगुती छायाचित्र पसंत पडत नाही आणि त्या नादात आजीचे एकुलते एक मोकळे हसू पुसून टाकले जाते. अल्बममधल्या ४ बाय ६ इंचांच्या प्रतीला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे दोन मेगापिक्सेलांहून थोडे अधिक, एवढाच तपशील लागतो. १२ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी या प्रतीसाठी निम्म्याहूनही कमी केली जाते आणि त्याबरोबर तीन-चार पिक्सेलांची पुसटता व बहुतेक दाणे आटून जातात. भिंतीवर लावायच्या १२ बाय १८ इंचांच्या चित्राला, ते हातभर लांबून पाहिले जाणार असल्याने, इंचाला २०० ठिपके चालतात आणि साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. त्या आकारात मात्र तीन पिक्सेलांचे हललेपण दिसू लागते. त्यामुळे काढलेले काहीही लगेच पुसू नये, ज्या आकारात छापायचे आहे त्या आकाराचा एक छोटा तुकडा आधी छापून पाहावा आणि मग निवड करावी.